रूप आणि गोत : सूक्ष्मजीवांच्या वर्गीकरणाची प्रस्तावना

२०२० सालच्या जून महिन्यात लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. टाळेबंदीमुळे काठावर जाऊन पाहणारे थोडेच होते. पण एरवी हिरवट दिसणाऱ्या त्या पाण्याचे गुलाबी फोटो बघता बघता अकोला-अमरावतीकडच्या प्रत्येक मोबाइलवर पोचले. मग तर्क सुरू झाले. कुणी शेवाळ म्हटले, कुणी एखादे रसायन मिसळल्याचे सांगितले, कुणाला लवणासुराची कथा आठवली. वनखात्याने पाण्याचे नमुने नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पाठवले. आघारकर संस्थेचे उत्तर असे होते : पाण्यात हॅलोआर्किया, म्हणजे मिठात रमणारे आर्किया, भरमसाट वाढले आहेत आणि हा रंग त्यांच्या रंगद्रव्याचा आहे. नमुना स्थिर ठेवल्यावर त्यांचा साका तळाशी बसला आणि वरचे पाणी नितळ झाले. चहाच्या टपरीवर, आणि खरे सांगायचे तर आमच्या स्टाफरूममध्येही, या उत्तराचा सारांश ‘लोणारच्या पाण्यात बॅक्टेरिया झाले’ असा झाला.

हा सारांश चुकीचा होता. आर्किया म्हणजे बॅक्टेरिया नव्हेत. सूक्ष्मदर्शकाखाली दोघे सख्ख्या भावंडांसारखे दिसतात, आणि कित्येक दशके शास्त्रज्ञांनीही त्यांना एकाच घरात राहू दिले. पण घराण्याचा हिशेब मांडला तर आर्किया बॅक्टेरियांपेक्षा तुम्हा-आम्हाला जवळचे निघतात. सोयरीक जुळवताना रूप पहिल्या भेटीतच दिसते, गोत मात्र विचारावे लागते. सूक्ष्मजीवांच्या वर्गीकरणाचा साडेतीनशे वर्षांचा इतिहास हा रूपाकडून गोताकडे झालेला प्रवास आहे, आणि त्यातले बरेचसे टप्पे वऱ्हाडच्या मातीत, पाण्यात, गोठ्यात आणि संत्र्याच्या बागेत प्रत्यक्ष दाखवता येतात. या विषयात नव्याने पाऊल ठेवणाऱ्यांसाठी ही प्रस्तावना आहे.

‘पेशींचे प्रकार आणि सजीवांचे वर्गीकरण’ हे प्रकरण अभ्यासक्रमात नेहमी सुरुवातीला येते. आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला पहिला धडाही याच विषयाचा आहे. त्यामुळे मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती, प्राणी ही पाच नावे पाढ्यांसारखी पाठ केलेली असतात आणि परीक्षेनंतर पाढ्यांच्याही आधी विसरली जातात. दोष विद्यार्थ्यांचा नाही. खण आधी दाखवले आणि त्यात ठेवायची वस्तू दाखवलीच नाही, तर खणांची नावे लक्षात राहणार कशी? म्हणून वाचकांनी ही पाच नावे क्षणभर बाजूला ठेवावीत आणि आधी वस्तू पाहावी.

ती वस्तू तुमच्या तोंडातच आहे. चूळ भरून एका स्वच्छ दातकोरणीच्या बोथट टोकाने गालाची आतली बाजू अलगद खरवडा, ते टोक काचपट्टीवरच्या पाण्याच्या थेंबात फिरवा, वाळू द्या आणि मिथिलीन ब्लूचा एक थेंब टाका. मिनिटभराने धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरा. फिक्या निळ्या, पसरट, वेड्यावाकड्या कडांच्या चकत्या दिसतील. त्या तुमच्या पेशी. प्रत्येकीच्या मध्याजवळ एक गडद निळा ठिपका असेल, ते केंद्रक. आता घाई न करता भिंग आणखी वाढवा. त्याच चकत्यांवर आणि आजूबाजूला अगदी बारीक गडद टिंबे आणि काड्या विखुरलेल्या दिसतील. ते तोंडात वस्तीला असलेले बॅक्टेरिया. त्यांच्या आत केंद्रक शोधू नका, सापडणार नाही. त्यांचा डीएनए असतो, पण त्याभोवती पडदा नसतो. केंद्रक असलेली दृश्यकेंद्रकी पेशी आणि ते नसलेली आदिकेंद्रकी पेशी, असे सजीवसृष्टीतले दोन मोठे घाट एकाच काचेवर, एकाच नजरेत दिसतात.

येथे एक कबुली द्यायला हवी. अनेक वर्षे मी फळ्यावर या दोन पेशी शेजारी शेजारी आणि सारख्याच आकाराच्या काढत आलो. पुस्तकांतही त्या तशाच असतात, कारण भाग दाखवायला जागा लागते. वास्तवात गालाची पेशी पन्नास-साठ मायक्रोमीटर रुंद असते आणि तिच्यावरचा बॅक्टेरिया जेमतेम एक. परातीत थापलेली भाकरी आणि तिच्यावर पडलेला ज्वारीचा एक दाणा, इतका हा फरक आहे. हे प्रमाण एकदा डोळ्यांत बसले की बाकीच्या पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. दाण्याएवढ्या जागेत वेगवेगळ्या खोल्या कशाला हव्यात? आतला पदार्थ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला क्षणात पोचतो. भाकरीएवढ्या पेशीला मात्र केंद्रक, तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका अशी आतली घरबांधणी करावी लागते. प्रतिजैविकांचे कामही याच फरकावर चालते. पेनिसिलिन बॅक्टेरियाच्या भिंतीवर घाव घालते. आपल्या पेशींना तसली भिंतच नाही, म्हणून त्या वाचतात.

हे दोन घाट लक्षात यायलाही शास्त्राला बराच वेळ लागला. डच कापडव्यापारी अँटनी व्हान लेव्हेनहूक यांनी १६७० च्या दशकात स्वतः घासलेल्या भिंगांतून पाण्यातले ‘सूक्ष्म प्राणी’ पाहिले. १७३५ साली लिनियस यांनी सृष्टीची मांडणी केली तेव्हा सजीवांसाठी वनस्पती आणि प्राणी ही दोनच दालने होती. अमिबा धड इकडचा नाही, तिकडचा नाही; बॅक्टेरिया हलतात म्हणून प्राणी म्हणावेत तर भिंत आहे म्हणून वनस्पतींत टाकावे लागतात. १८६६ मध्ये हेकेल यांनी अशा बेघरांसाठी प्रोटिस्टा नावाचे तिसरे दालन उघडले. १८८४ मध्ये हान्स क्रिस्टियन ग्राम यांनी रंगवण्याची जी रीत काढली, तिच्यामुळे बॅक्टेरियांचे जांभळे आणि गुलाबी असे दोन गट पडले. ती रीत आजही आमच्या प्रयोगशाळेतला पहिला धडा आहे. अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज, म्हणजे पुढचे विदर्भ महाविद्यालय, सुरू झाले त्याच १९२३ साली अमेरिकेत बर्गी यांची बॅक्टेरिया ओळखण्याची मार्गदर्शिका पहिल्यांदा छापली गेली. आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ स्थापन झाले त्याच १९६९ साली व्हिटेकर यांनी पाच सृष्टींची मांडणी प्रसिद्ध केली, जी आपण शाळेत शिकतो. या योगायोगांना काही अर्थ नाही, पण साले लक्षात राहतात.

व्हिटेकरांच्या मांडणीत केंद्रक नसलेले सारे मोनेरात गेले. नीटनेटकी मांडणी, शिकवायलाही सोपी. ती आठ वर्षेही निर्वेध टिकली नाही. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात कार्ल वूस यांनी दिसण्यावरून गट पाडणे सोडून दिले होते. प्रत्येक पेशीत प्रथिने बनवणारे रायबोझोम असतात आणि त्यांच्यातला आरएनए पिढ्यानपिढ्या फार सावकाश बदलतो. तेव्हा दोन सजीवांच्या त्या आरएनएमध्ये किती फरक पडला हे मोजले, तर त्यांची घराणी कधी वेगळी झाली याचा अंदाज येईल, असा त्यांचा विचार. त्या काळी ही अक्षरे सरळ वाचता येत नव्हती. आरएनएचे तुकडे करून ते किरणोत्सर्गी खुणांनी फिल्मवर उमटवायचे आणि त्या काळ्या ठिपक्यांवरून अर्थ लावायचा, असे डोळे शिणवणारे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. मग मिथेन वायू तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांची पाळी आली, आणि ठिपके जुळेनात. हे जीव दिसायला बॅक्टेरिया होते, पण त्यांचे ठसे कोणत्याही बॅक्टेरियाशी मिळत नव्हते. १९७७ मध्ये वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी जाहीर केले की ही सजीवांची तिसरी शाखा आहे. १९९० मध्ये बॅक्टेरिया, आर्किया आणि युकॅरिया अशी तीन अधिक्षेत्रांची मांडणी पुढे आली.

मिथेन करणारे सूक्ष्मजीव हे शब्द वाचून वाचकांनी दूरवरच्या ज्वालामुखीकडे पाहू नये. गोठ्यात पाहावे. रवंथ करणाऱ्या गाईच्या पोटात ते आहेत, दलदलीच्या तळाशी आहेत, आणि गावोगावच्या गोबरगॅसच्या टाकीत शेण कालवून सोडले की ज्यांच्या जिवावर शेगडी पेटते तेही हेच. ज्या जीवांनी जीवशास्त्राची मांडणी बदलायला लावली त्यांच्यावर आपल्याकडे वर्षानुवर्षे चहा उकळतो आहे. टाकीत त्यांच्या सोबतीला बॅक्टेरियांची मोठी फौज असते; ती शेणातले अवघड पदार्थ फोडून देते आणि शेवटचे, मिथेन करण्याचे काम आर्किया करतात. प्राणवायू आत शिरला तर त्यांचे काम थांबते. म्हणून टाकी बंद लागते.

आता लोणारकडे पुन्हा येऊ. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर काळ्या बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेले आहे. त्यातले पाणी खारे तर आहेच, शिवाय अल्कधर्मी आहे. सामू दहाच्या आसपास. ‘आइन-ए-अकबरी’तही या भागात साबण आणि काच करण्याचे साहित्य मिळते अशी नोंद आहे; ते साहित्य म्हणजे या पाण्यातला सोडा. अशा पाण्याची नेहमीची हिरवी झाक स्पिरुलिनासारख्या सूक्ष्मजीवांमुळे येते. त्यांना आपण सवयीने निळे-हिरवे शेवाळ म्हणतो, जुन्या पुस्तकांत ते वनस्पतींत मोजले जात. पण त्यांना केंद्रक नाही, ते सायनोबॅक्टेरिया आहेत. उन्हाळ्यात पाणी आटते, खारटपणा वाढतो, आणि मग मिठावाचून ज्यांचे चालत नाही अशा हॅलोआर्कियांचे दिवस येतात. नारंगी-गुलाबी कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये त्यांना कडक उन्हापासून सांभाळतात. गंमत अशी की ज्या मिठात इतर पेशी सुकून मरतात त्या मिठाशिवाय यांतल्या बहुतेकांच्या पेशी फुटतात. एकाच तळ्यात हिरवा रंग बॅक्टेरियांचा आणि गुलाबी आर्कियांचा, आणि दोन्हींवर लोकांचा पहिला शिक्का शेवाळाचाच. वर्गीकरण कशासाठी शिकायचे, याचे यापेक्षा चांगले उत्तर मला देता येत नाही.

लोणारने शास्त्राला नवी नावेही दिली आहेत. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशीविज्ञानाच्या संस्थेतल्या संशोधकांनी तिथल्या पाण्यातून आणि गाळातून काही बॅक्टेरिया वेगळे केले, ते कोणत्याही ज्ञात प्रजातीत बसेनात. त्यांतल्या एकाला २०१० साली इंडिबॅक्टर अल्कलिफिलस असे नाव मिळाले; २०१२ मध्ये आणखी एकाचे नाव ठेवले गेले सेसेम्बिया लोनारेन्सिस. वैज्ञानिक नावे मतदारयादीसारखी वाचायची असतात, आधी आडनाव आणि मग नाव. प्रजाती हे आडनाव, जाती हे नाव. पण या नावात एक गंमत आहे. ‘सेसेम्बिया’ हा संस्थेच्याच आद्याक्षरांचा लॅटिन वेश, आणि ‘लोनारेन्सिस’ म्हणजे सरळ मराठीत लोणारकर! जगातल्या कोणत्याही देशातला सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ या बॅक्टेरियाचा उल्लेख करील तेव्हा त्याला बुलढाणा जिल्ह्यातल्या एका गावाचे नाव उच्चारावे लागेल. मला याचा अभिमान वाटतो, आणि तो लपवण्याचे कारण दिसत नाही.

येथे कुणी म्हणेल, हे सारे ठीक, पण नावगाव कळून शेतकऱ्याच्या पदरात काय पडते? हा प्रश्न वर्गात एका विद्यार्थ्याने मला विचारला होता. घरची संत्र्याची बाग, वरुड-मोर्शीकडची. खोडातून डिंक गळत होता, साल कुजत होती, झाडे एकामागून एक वाळत होती. गावात याला डिंक्या म्हणतात. घरच्यांनी ‘बुरशी आहे’ म्हणून कार्बेन्डाझिमच्या फवारण्या केल्या होत्या, एक नाही, अनेक. उपयोग शून्य. डिंक्या होतो फायटोफ्थोरामुळे. तो बुरशीसारखा धाग्यांनी वाढतो, बुरशीसारखा कुजवतो, आणि जुन्या वर्गीकरणात बुरशीतच होता. पण त्याची भिंत बुरशीसारखी कायटिनची नसून मुख्यतः सेल्युलोजसारख्या पदार्थांची असते, आणि नात्याने तो समुद्रातल्या तपकिरी शैवालांचा आणि डायटमांचा भाऊबंद आहे. बुरशीच्या ज्या मर्मावर कार्बेन्डाझिम घाव घालते, ते मर्म फायटोफ्थोरात त्या औषधाला दाद देत नाही. त्याच्यासाठी मेटॅलॅक्सिल किंवा फोसेटिल ॲल्युमिनियमसारखी वेगळी औषधे लागतात. खोडाला बोर्डो मलम लावतात. शिवाय त्याचे बीजाणू शेपट्या हलवत पाण्यात पोहतात, म्हणूनच झाडाला दुहेरी आळे करून पाणी खोडाला लागू न देण्याचा सल्ला दिला जातो. औषध वाया गेले, झाडे गेली, ती केवळ रूपावरून गोत ठरवल्यामुळे. त्या दिवसानंतर मी वर्गीकरण शिकवताना फायटोफ्थोरापासून सुरुवात करतो.

या विषयाकडे कसे यावे, याबद्दल दोन-चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली म्हणजे, वर्गीकरणाचा तक्ता पुढे आला की नावे वाचण्याआधी एक प्रश्न विचारा : हे गट कशाच्या आधारावर पाडले आहेत? दिसण्यावर, खाण्यावर, भिंतीवर, की आरएनएच्या अक्षरांवर? आधार बदलला की गट बदलतात, आणि मग दोन पुस्तकांत दोन तक्ते दिसले तरी गोंधळ होत नाही. पाच सृष्टींचा तक्ता खोटा नाही. तो डोळ्यांना आणि पोषणाला धरून केलेला आहे, आणि प्रयोगशाळेत पहिली ओळख करून घ्यायला आजही उपयोगी पडतो. तीन अधिक्षेत्रांचा तक्ता घराण्याला धरून आहे. तोही शेवटचा शब्द समजू नये. २०१५ मध्ये आर्क्टिक समुद्राच्या तळाच्या गाळातून लोकीआर्किया नावाच्या आर्कियांचा जनुकीय माग लागला, आणि आपल्या पेशीत दिसणाऱ्या कितीतरी जनुकांच्या बहिणी त्यांच्यात निघाल्या. तेव्हापासून केंद्रकवाल्या पेशींचे घराणे आर्कियांच्या घराण्यातूनच फुटले असावे, हे मत बळावले आहे. तसे असेल तर शाखा तीन नाहीत, दोनच. वाद चालू आहे, आणि या वादात तुम्ही उशिरा आलेले नाही.

विषाणूंसाठी या साऱ्या मांडणीत घर नाही, हे येथेच सांगून टाकतो. त्यांना पेशीच नसते. सोयाबीनवर पिवळा मोझॅक पसरवणारा विषाणू पांढऱ्या माशीवर बसून येतो आणि झाडाच्या पेशीत शिरून तिच्याचकडून आपल्या प्रती काढून घेतो. त्यांचे वर्गीकरण स्वतंत्र आहे आणि ते स्वतंत्रपणेच शिकावे.

परिभाषेची भीती बाळगू नका. आदिकेंद्रकी आणि दृश्यकेंद्रकी हे शब्द पहिल्यांदा जड वाटतात, पण फोडून पाहिले तर ते स्वतःच स्वतःचा अर्थ सांगतात. त्यांच्या ग्रीक मूळ शब्दांपेक्षा मला ते अधिक बोलके वाटतात. जिथे मराठी शब्द रुळलेला नाही तिथे आर्किया, प्रोटिस्टा असे शब्द तसेच वापरावेत. आर्कियांना ‘आदिजीवाणू’ म्हणण्याचा मोह मात्र टाळावा. तो शब्द त्यांना पुन्हा जिवाणूंच्याच, म्हणजे बॅक्टेरियांच्याच, घरात नेऊन बसवतो.

लोणारला अवश्य जा, पण बाटली नेऊ नका. सरोवराचा परिसर अभयारण्य आहे, २०२० पासून ते रामसर स्थळही आहे. तिथून पाणी किंवा गाळ उचलायला परवानगी लागते. काठावरून रंग पाहा, गंध घ्या, आणि नमुन्यांसाठी घराजवळच्या वावराकडे वळा. पेरणीला महिना-सवा महिना झालेल्या सोयाबीनचे एखादे झाड मुळासकट, माती न झटकता, खुरप्याने अलगद काढा आणि मुळे बादलीतल्या पाण्यात धुवा. मुळांवर मोहरीपासून वाटाण्याएवढ्या गाठी असतील. पेरणीच्या वेळी गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळलेल्या रायझोबियमच्या पाकिटातले बॅक्टेरिया, किंवा आधीपासूनच मातीत असलेले त्यांचे भाऊबंद, आता तिथे वस्तीला आहेत. मुळाच्या बाहेर नव्हे, थेट झाडाच्या पेशींच्या आत. केंद्रक असलेल्या पेशीत केंद्रक नसलेली पेशी नांदते आहे, हवेतला नायट्रोजन झाडाला देते आहे आणि बदल्यात साखर घेते आहे. आपल्या पेशींतल्या तंतुकणिकाही कोणे एके काळी अशाच आत आलेल्या बॅक्टेरियांच्या वंशज आहेत, असे लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये मांडले होते. आरएनएच्या अक्षरांनी पुढे त्याला पुष्टी दिली. गाठ नखाने फोडून पाहा. आत गुलाबी रंग दिसला तर काम जोरात चालू आहे. हा गुलाबी लोणारच्या रंगद्रव्याचा नव्हे, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या एका वनस्पती-नातेवाइकाचा आहे. आतून हिरवट-करडी निघाली तर ती गाठ थकलेली समजा, आणि पुढची फोडा.